जपानी शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या एकीला उत्तर

साताऱ्याहून एकीने विचारलं आहे: "ताई, मी इंग्रजीत एम.ए. केलंय, दोन वर्षं ज्युनियर कॉलेजवर शिकवते आहे. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी होते. जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं मनात आहे. तिथला रोजचा दिवस खरंच कसा असतो? आपल्याला घेतात का, की गोरेच लागतात? मी शाकाहारी आहे, निभेल का? पैसे उरतात का? आणि फार एकटं पडायला होतं का?"

ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगं-तूगंच करते.

मी 2013 च्या मार्चअखेर गेले आणि 2024 च्या मार्चअखेर परतले. अकरा शालेय वर्षं, सगळी शिमाने प्रांतात. जपानच्या पश्चिमेला, जपान समुद्राच्या कडेने पसरलेला हा प्रांत लोकसंख्येत शेवटून दुसरा आहे. त्यामुळे मी सांगते ते तोक्यो-ओसाकाचं नव्हे, भातखाचरं, डोंगर आणि तासाला एक गाडी असलेल्या मुलखाचं आहे. पहिली तीन वर्षं मी शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीतर्फे होते, पुढची आठ थेट गावाच्या शिक्षण मंडळाकडे. काम तेच, पण आयुष्य वेगळं. त्याबद्दल पैशांच्या भागात लिहिते.

आधी दिवस. माझ्याकडे एक माध्यमिक शाळा (तिथे म्हणजे सातवी ते नववी) आणि दोन प्राथमिक शाळा (पहिली ते सहावी) होत्या. आठवड्याचे वार वाटून दिलेले. पावणेआठला शाळेत पोचायचं, दारातच बूट काढून आपल्या नावाच्या कप्प्यात ठेवायचे आणि शाळेत घालायचे जोडे चढवायचे. हे जोडे स्वतःचे न्यावे लागतात. विसरलीस तर पाहुण्यांसाठीच्या सपाता घालून दिवसभर फटकफटक जिने चढावे लागतात. मग शिक्षकांच्या खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं "ओहायो गोझाइमासु", म्हणजे सुप्रभात. पुटपुटायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी संकोचाने हळूच म्हणायचे आणि कुणी मान वर करत नसे. मला वाटलं, मी त्यांना नकोशी आहे. प्रत्यक्षात त्यांना ऐकूच गेलेलं नसायचं.

या खोलीला शोकुइनशित्सु म्हणतात. इयत्तेनुसार टेबलं समोरासमोर जोडलेली, आणि सगळ्यांवर नजर राहील अशा जागी उपमुख्याध्यापक, म्हणजे क्योतो-सेन्सेइ. मुख्याध्यापकांपेक्षा तुझा संबंध यांच्याशीच जास्त येईल. रजा, बदललेलं वेळापत्रक, उद्या लागणारी छत्री, सगळं यांनाच विचारायचं. सव्वाआठला उभ्याने छोटी बैठक होते आणि पुढची दहा मिनिटं तुला एक अक्षर कळत नाही. वही घेऊन बस. कळलेले शब्द लिहीत गेलीस तर तीन महिन्यांत बैठक अर्धी कळू लागेल.

तासांचा हिशोब असा: प्राथमिकला 45 मिनिटं, माध्यमिकला 50. दिवसाला चार-पाच तास. 2020 पासून तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास इंग्रजीची ओळख आणि पाचवी-सहावीला 70 तास रीतसर विषय, असा अभ्यासक्रम आहे. कागदोपत्री तू मदतनीस. आपल्याला तिथे एएलटी म्हणतात, म्हणजे भाषेचा सहायक शिक्षक. वर्ग जपानी शिक्षकाचा, जबाबदारी त्याची, गुण देणारा तोच. माध्यमिक शाळेत हे बऱ्यापैकी पाळतात. प्राथमिक शाळेत मात्र स्वतःच्या इंग्रजीची धास्ती असलेल्या वर्गशिक्षिका खडू तुझ्या हातात देऊन मागे उभ्या राहतात. तयारी दोन्हींची ठेव: काही वर्गांत तुला फक्त धडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगतील, शेजारच्याच वर्गात पूर्ण तास तुझा असेल. एकत्र बसून पाठ आखायचा असं प्रशिक्षणात सांगतात, पण त्या शिक्षकाला वेळच नसतो. 1971 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शिक्षकांना जादा तासांचे पैसे नाहीत. त्याऐवजी पगाराच्या 4 टक्के ठरावीक भत्ता जोडला गेला आणि कामाचे तास वाढतच राहिले. मी साडेचारला निघायचे तेव्हा खोली भरलेली असायची. निघताना म्हणायचं, "ओसाकी नी शित्सुरेई शिमासु", तुमच्या आधी निघते, माफ करा. मी ते मनापासून म्हणायचे. पाठाचं बोलणं मी मग झेरॉक्स मशीनपाशी, जिन्यात, तासाला जाता जाता उरकायला शिकले. दोन मिनिटं पुरतात. एका कागदावर तीन ओळी लिहून तो सकाळीच त्यांच्या टेबलावर ठेवायचा.

आता वर्गातली शांतता. नवीन माणूस हिनेच सगळ्यात जास्त खचतो. आपल्याकडे प्रश्न विचारला की "बाई मी, बाई मी" करत पोरं बाकावरून अर्धी उठतात. तिथे माध्यमिकच्या वर्गात "तुमचा आवडता ऋतू कोणता?" असं विचारलं की तीस माना खाली. पहिलं वर्षभर मला वाटत होतं की त्यांना येत नाही, किंवा मी आवडत नाही. दोन्ही चूक. सगळ्यांसमोर चुकण्याची किंमत तिथे मोठी आहे, आणि एकट्याने पुढे होऊन बरोबर येण्याचीही थोडी आहेच. उत्तर देण्याआधी मूल शेजाऱ्याकडे बघतं, कुजबुजतं, खात्री करून घेतं. मी त्या कुजबुजीला बेशिस्त समजत होते. एक दिवस एका वयस्कर गणिताच्या शिक्षकांनी सांगितलं की ती कुजबुज म्हणजेच त्यांचं काम चालू आहे, थांबा. तेव्हापासून मी प्रश्न टाकून आधी एक मिनिट जोडीत बोलू द्यायचे आणि मग एकट्याला न विचारता जोडीला विचारायचे. मनात दहा आकडे मोजायचे. सातव्या-आठव्या आकड्याला कुठून तरी आवाज यायचा. ते दहा आकडे सोडून दिले असते तर अकरा वर्षं मीच बोलत राहिले असते.

साडेबाराला जेवण, क्यूशोकु. वर्गातच टेबलं जोडून, मुलांनीच पांढरे झगे-टोप्या घालून वाढलेलं. 200 मिलिलिटर दूध रोज. मुलांपर्यंत अन्न पोचण्याआधी मुख्याध्यापक ते चाखून बघतात, ठीक असल्याची नोंद करतात, मगच वर्गात वाढप सुरू होते. हे मला फार आवडायचं. तू शिक्षकांच्या खोलीत जेवू नकोस. कितीही दमली असलीस तरी वर्गात जा. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारं मूल जेवताना विचारतं: "सेन्सेइ, तुमच्या घरी हत्ती आहे?" "रोज करी?" हसू नकोस, उत्तर दे. नंतर वीस मिनिटं साफसफाई, सोजी. आमच्या शाळांत शिपाई होते, पण वर्ग, जिने, संडास मुलं स्वतः पुसायची. ओलं पोतेरं दोन्ही हातांनी दाबून ओणवं होऊन धावत जायचं, पट्ट्यापट्ट्याने. तूही पोतेरं घे. माझं जे काही जपानी आहे त्यातलं अर्धं जिना पुसताना आलेलं आहे.

शाळेच्या या कोपऱ्यांबद्दल आणखी एक सांगायचं आहे. 2023 च्या शालेय वर्षात जपानमध्ये शाळेत न येणाऱ्या प्राथमिक-माध्यमिक मुलांची संख्या 3 लाख 46 हजारांवर गेली. ही मुलं गरिबीमुळे शाळेबाहेर पडलेली नसतात. सकाळी उठून गणवेश घालतात आणि दारातून पाऊल पुढे पडत नाही. काही जणी शाळेपर्यंत येतात, पण वर्गात न जाता परिचारिका-शिक्षिकेच्या खोलीत, होकेनशित्सुत, दिवस काढतात. आमच्या माध्यमिक शाळेत अशी एक मुलगी होती. मला मोकळा तास असला की मी तिथे जाऊन बसायचे. पहिले दोन महिने ती बोलली नाही. आम्ही कागदाची घडीकामं करायचो. मग एकदा तिने माझ्या वहीतली देवनागरी अक्षरं बघितली आणि तिचं नाव लिहून मागितलं. त्यानंतर आमच्यात इंग्रजी सुरू झालं. जपानीत ती ज्या गोष्टी बोलत नव्हती त्या मोडक्या इंग्रजीत बोलायची. परक्या भाषेत तिच्यावर कुणाच्या अपेक्षा नव्हत्या. माझ्या कामात ही खोली लिहिलेली नव्हती. कुणी सांगितलंही नव्हतं. पण तू तिथे परकी आहेस, आणि काही मुलांना नेमकं परकंच माणूस लागतं. ती मुलगी तिसऱ्या वर्षी निरोप-समारंभाला सभागृहात आली आणि प्रमाणपत्र घ्यायला स्वतः चालत गेली.

शाळा सुटल्यावरचं काम उन्हाळ्यात वाढतं. वक्तृत्व स्पर्धेसाठी एखादी मुलगी तुझ्याकडे सोपवतात, किंवा एइकेन परीक्षेच्या तोंडी भागाची तयारी. ही इंग्रजीची परीक्षा 1963 पासून आहे आणि माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाची बरीच मुलं तिची तिसरी पातळी देतात. ऑगस्टच्या उकाड्यात रिकाम्या शाळेत एका मुलाबरोबर चार मिनिटांचं भाषण चाळीस वेळा म्हणणं, यासारखं दुसरं शिकवणं नाही.

तुझा दुसरा प्रश्न: आपल्याला घेतात का. याला दोन उत्तरं आहेत, आणि पहिलं तुला आवडणार नाही. शाळेत शिकवण्यासाठी जो व्हिसा लागतो (तिथे त्याला क्योइकु म्हणतात) त्याची अट आहे की परकी भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण घेतलेलं असावं. नागरिकत्वाची अट नाही, गोरेपणाची तर नाहीच. मी कोल्हापुरात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होते, म्हणून माझा कागद सरळ निघाला. तुझी बेरीज कर: अकरावी-बारावीची दोन, बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन. सात. सेमी-इंग्रजीच्या गणित-विज्ञानावर भिस्त ठेवू नकोस. म्हणजे शाळेचा रस्ता तुझ्यासाठी अवघड आहे आणि एखादा दलाल "सगळं करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नकोस. संभाषण-वर्ग चालवणाऱ्या खासगी संस्थांचा व्हिसा वेगळा असतो. तिथे भाषा शिकवण्यासाठी पदवी पुरते, 12 वर्षांची ही अट नाही. पण तिथला दिवस दुपारी सुरू होऊन रात्री नऊला संपतो, शनिवार-रविवार कामाचे, आणि विद्यार्थ्यांना पुढच्या वर्गांची पुस्तकं विकणं हाही कामाचा भाग असू शकतो. परदेशी सहायक शिक्षक शाळांत नेमणारी जपान सरकारची जेट नावाची योजना 1987 पासून आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, पगार आणि सोयी चांगल्या. पण भारतातून जाणारे मोजकेच.

या अटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलांना मी शिकवलं त्यांना इंग्रजी जन्मतः बोलणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, ती शिकलेल्या माणसाची गरज होती. जपानी वाक्य घे: "वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु." मी सफरचंद खाते. शब्दाला शब्द लावून बघ, क्रम तोच. कर्म आधी, क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. इंग्रजीत शिरताना जपानी मूल जिथे उलटं वळण घेतं, तिथेच तूही पाचवीत घेतलं होतंस. 'अ' आणि 'द' कुठे लावायचं हे त्यांना कळत नाही, कारण त्यांच्या भाषेत ते नाही, आपल्याही नाही. माझे ऑस्ट्रेलियन सहकारी फार चांगले शिक्षक होते, पण "इथे 'द' का?" असं मुलाने विचारलं की म्हणायचे, तसं बरोबर वाटतं म्हणून. मला ते कधी 'बरोबर वाटलं' नव्हतं. मी नियम करून, उदाहरणं घोकून ते शिकले होते आणि ती पायरी मला दाखवता यायची. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत एम.ए. केलेल्या मुलीला ती पायरी माझ्यापेक्षाही जास्त ठाऊक असते. नियम करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती.

उच्चारांचंही तसंच. जपानीत ल आणि र मिळून एकच ध्वनी आहे. आपल्याकडे ल, र, ळ तिन्ही आहेत, त्यामुळे जीभ कुठे टेकते हे आपल्याला बोट दाखवून सांगता येतं. त्यांची अक्षरं स्वरान्त, म्हणून मॅकडोनाल्ड्सचं माकुदोनारुदो होतं. मात्र इंग्रजीतल्या व्हेस्ट आणि वेस्टमधला फरक मलाही कच्चा होता. आपण 'व्ह' लिहितो खरं, पण खालचा ओठ दाताला लागत नाही. मी सातवीच्या वर्गात हातात छोटे आरसे दिले आणि सांगितलं, हे मलाही जमत नाही, आपण मिळून करू. त्या दिवशी ती तीसही मुलं मोठ्याने बोलली.

आणि एक खजिना आपल्याजवळ आहे, तो बरोबर ने. जपानी अक्षरमालेचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आला. त्यांच्या 'हा'चा जुना उच्चार 'पा'कडचा होता आणि 'सा' च-वर्गाच्या जागी बसतो, हे ध्यानात घेतलं की क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपली वर्णमाला तिथे उभी दिसते. सहावीच्या वर्गात मी फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या. वर्गशिक्षिका खुर्चीवरून उठून फळ्याजवळ आल्या. देवळाच्या स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर ज्या वेड्यावाकड्या खुणा असतात त्या आपल्या देशातून आलेल्या अक्षरांच्या, हे मुलांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर माझ्या त्वचेच्या रंगाबद्दल त्या वर्गात कुणी विचारलं नाही. विचारणं संपतं असं मात्र नाही. एका पालकाने "खरी इंग्रजी शिकवणारी बाई कधी येणार?" असं मुख्याध्यापकांना विचारलं होतं. मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्या तासाला येऊन बसायला सांगितलं. ते आले, बसले. पुढे काही बोलले नाहीत.

योगेंद्र पुराणिक हे नाव तू ऐकलं असशील. महाराष्ट्रातून गेलेला हा माणूस 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आला आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. ती बातमी आमच्या शोकुइनशित्सुत मला जपानी सहकाऱ्यांनीच आणून दाखवली.

जेवण. निभेल, पण एक गोष्ट जाण्याआधीच ठरव: दाशी चालेल का? सुकवलेल्या माशाचा हा अर्क मिसोच्या सूपमध्ये, भाजीत, अंड्यात, सगळीकडे असतो. दिसत नाही, म्हणून त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच. ॲलर्जी शाळा फार काटेकोरपणे सांभाळतात, पण 'शाकाहारी' या शब्दाने त्यांना काय वगळायचं ते कळत नाही. मी पहिली दोन वर्षं परवानगी घेऊन डबा नेला आणि वर्गातच बसून पोळी-भाजी खाल्ली. नंतर दाशी चालवून घेतली, मांस-मासे नाही. ज्यांना तेही नको त्यांनी डबाच न्यावा. कुणी वाईट मानत नाही, फक्त आधी लेखी सांगावं. छोले, गोठवलेली भेंडी, मसाले मोठ्या घाऊक दुकानांत मिळतात. तूरडाळ तोक्योतल्या भारतीय दुकानांतून मागवता येते. गोडा मसाला आणि आमसुलं घरून ने. ताजा कढीपत्ता नेऊ नकोस, विमानतळावर वनस्पती-तपासणीत अडकतो.

पैसे. कंपनीकडे असताना मला महिना 2 लाख 20 हजार येन होते, पण ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापून. करारात आठवड्याचे तास 29.5 लिहिलेले. ही अर्ध्या तासाची कपात त्या काळी या धंद्यात सर्रास होती, कारण 30 तासांच्या आसपास गेलं की मालकाला आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा वाटा भरावा लागायचा. आणखी एक खोच: कंपनीने शाळेशी कंत्राटाचा करार केलेला असेल तर वर्गातल्या शिक्षकाने तुला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. म्हणजे एकाच वर्गात उभे असलेले दोघे शिक्षक एकमेकांना "आता हे करू" म्हणू शकत नाहीत! करार हातात आला की तीनच गोष्टी वाच: सुट्टीतल्या महिन्यांचा पगार, विमा-पेन्शन, आणि आदेश कुणाचे. 2007 मध्ये नोव्हा ही सगळ्यात मोठी संभाषण-वर्गांची साखळी कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, काहींची कंपनीने दिलेली घरंही गेली. तेव्हा दोन महिन्यांचा खर्च स्वतःच्या खात्यात असल्याशिवाय निघू नकोस.

शिक्षण मंडळाकडे गेल्यावर पगार 2 लाख 80 हजार झाला आणि बारा महिने सारखा. करार मात्र दर वर्षीचा. 2020 पासून असे कर्मचारी आर्थिक वर्षापुरतेच नेमतात, त्यामुळे प्रत्येक फेब्रुवारीत पोटात गोळा येतोच. घरभाडं 45 हजार, गाडी-पेट्रोल-विमा मिळून 30 हजार. खेड्यात गाडीशिवाय चालत नाही. भारतीय परवाना बदलून घेताना प्रश्नपत्रिका आणि प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा असते. पहिल्या वर्षी हातात जास्त राहतं आणि माणूस खुशीत खर्च करतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये गेल्या वर्षीच्या कमाईवरचा रहिवासी कर येतो. तो लिफाफा येणार आहे हे धरून महिन्याला दहा हजार बाजूला टाक. आजारपणात बिलाच्या 30 टक्के आपण भरायचे, त्यामुळे दवाखान्याची भीती बाळगू नकोस. पेन्शनचा काही भाग देश सोडल्यावर परत मागता येतो, पण भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षेचा करार ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, त्यामुळे तिथली वर्षं पुढे पेन्शनसाठी धरता येतात. पैसे मागून घेतले की ती वर्षं पुढे मोजली जात नाहीत. विचार करून माग.

उरलं एकटेपणाचं. होतो. जानेवारी-फेब्रुवारीत होतोच. त्या किनाऱ्यावर म्हण आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. हिवाळाभर राखाडी आभाळ, पाऊस, मग ओला बर्फ. घराला भिंतीतून ऊब नसते. अठरा लिटरचा रॉकेलचा कॅन भरून आणायचा आणि ज्या खोलीत बसशील तेवढीच तापवायची. लेखक लाफ्काडिओ हर्न 1890 मध्ये याच प्रांतात, मात्सुएच्या माध्यमिक शाळेत, महिना 100 येनवर इंग्रजी शिकवायला आले होते. गावावर, तिथल्या माणसांवर त्यांचा इतका जीव जडला की लग्न करून पुढे कोइझुमी याकुमो झाले. पण मात्सुएचा हिवाळा त्यांनाही मानवला नाही आणि सव्वा वर्षातच ते दक्षिणेला कुमामोतोला गेले. किल्ल्याच्या खंदकाकाठी त्यांचं घर अजून आहे. पहिल्या हिवाळ्यात मी एकदा तिथे गेले, बागेकडे तोंड करून अर्धा तास बसले, आणि बरं वाटलं.

थंडीत मला तारलं ते दोन गोष्टींनी. एक, गावातल्या बायकांचा गुरुवारचा ढोलाचा सराव. भाषा न येताही हात चालवता येतात. दुसरी, शेजारच्या आजीबाई. त्या दार वाजवत नसत. सकाळी पायरीवर मातीसकट मुळा ठेवलेला असायचा. मी मुळ्याचे पराठे करून नेऊन दिले, मग पायरीवर कांद्याची पात येऊ लागली. तिकडच्या बोलीत आभार मानायला 'दानदान' म्हणतात. मी ते म्हटलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की दाराला धरून उभ्या राहिल्या. शाळेतल्या वर्षअखेरच्या पार्टीला, बोनेनकाईला, नक्की जा. दारू घेतली नाहीस तरी चालतं. दुसऱ्याचा पेला रिकामा दिसला की भर, आणि पेले उंचावण्याआधी पिऊ नकोस.

भूकंपाची कवायत दर सत्रात असते. पहिल्या दिवसापासून ओ-का-शि-मो पाठ कर: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. तुझी जागा मुलांबरोबर. टेलर अँडरसन ही चोवीस वर्षांची अमेरिकन मुलगी ईशान्य जपानच्या किनाऱ्यावरच्या इशिनोमाकीत आपल्यासारखीच सहायक शिक्षिका होती. 11 मार्च 2011 ला भूकंपानंतर ती मुलांना घ्यायला पालक येईपर्यंत शाळेत थांबली, मग सायकलवरून घराकडे निघाली आणि त्सुनामीत गेली. तिच्या आई-वडिलांनी तिथल्या शाळांना इंग्रजी पुस्तकांची कपाटं दिली. किनाऱ्याजवळची शाळा मिळाली तर उंच जागेचा रस्ता आधी चालून बघ.

शेवटचं, तयारीचं. शाळेत असो की संभाषण-वर्गात, पहिला आठवडाभर प्रत्येक वर्गात तुला स्वतःची ओळख करून द्यायला सांगतील, आणि मुलं तुला वर्षभर त्याच चित्रांवरून ओळखतील. मी पहिल्यांदा ताजमहाल आणि वाघ नेला होता. त्यांना तो टीव्हीवर माहीत होता. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या आमच्या घराचा, आईच्या हातातल्या लाटण्याचा, माझ्या जुन्या शाळेच्या वर्गाचा आणि एसटी स्टँडचा फोटो नेला. स्टँडच्या फोटोवर पंचेचाळीस मिनिटं गेली: लाल गाडी कुठे जाते, खिडकीतून रुमाल का टाकलाय, ती बाई डोक्यावर काय घेऊन चाललीय. तू सातारच्या स्टँडवर एकदा सकाळी जा आणि चांगले आठ-दहा फोटो काढून ठेव. मोठे छाप, कडक प्लास्टिकमध्ये घालून घे. मुलं हातात घेऊन बघतात.